तीन सेकंदांचे सावंत

सावंत सरांना आकडे दोनच यायचे. सहाशे आणि तीन. सहाशे म्हणजे घोडे, आणि तीन म्हणजे सेकंद. आमच्या शोरूममधली सगळ्यात महाग इलेक्ट्रिक गाडी सहाशे हॉर्सपॉवरची होती आणि उभ्या जागेवरून शंभरचा वेग गाठायला तिला तीन सेकंद लागायचे. बाकीचे आकडे सरांच्या मते हलक्या लोकांसाठी होते. एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते असं विचारणारा तो टॅक्सीवाला. सर्व्हिसिंगचा खर्च विचारणारा तो कारकून. आणि गाडीचं वजन विचारणारा?

"वजन भंगारवाला विचारतो," सर म्हणायचे. "आपण भंगार विकतो का?"

अंधेरीच्या त्या शोरूममध्ये मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली. मला ते आवडले नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचून झाल्यावर 'शेवटी तुलाही माया वाटलीच ना' असं कुणी म्हणायला नको.

पन्नाशीचा माणूस. केस इतके काळे की एवढा काळा रंग आमच्या कुठल्याच गाडीत मिळत नव्हता. खिशात कंगवा, गळ्यात लाल टाय, आणि माणूस दारातून आत यायच्या आधी सेंट आत यायचा. फोन आला की हॅलो म्हणायचे नाहीत. "बोला, पॉवर!" म्हणायचे. आणि फोन कायम स्पीकरवर, म्हणजे पलीकडचा माणूस त्यांना किती मान देतो ते आम्हा सगळ्यांना ऐकू यावं. एकदा पलीकडून वहिनी म्हणाल्या, "पॉवर कसली, येताना कोथिंबीर आणा." सरांनी स्पीकर बंद केला, पण कोथिंबीर आत पोचली होती.

लोकांना सहाशे घोड्यांवर बसवणारा हा माणूस स्वतः कांजूरमार्गहून जुन्या स्कूटरवर यायचा. त्यात वाईट काही नाही, मी बसने यायचे. पण ती स्कूटर ते पलीकडच्या चहाच्या टपरीमागे लावायचे आणि हेल्मेट एका मॉलच्या चकचकीत पिशवीत घालून आत आणायचे. जणू सकाळी सकाळी शॉपिंग करून आले. हे शोरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाइकांना नव्हतं, आणि सरांचं जग तेवढंच होतं.

मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकते, बाबांचा एका बोटीत हिस्सा आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि फिजिक्स घेऊन पास झालेली आमच्या गल्लीत एकटी. हे मी न विचारता सांगते. लाजायचं काय त्यात? पहिल्या दिवशी सरांनी माझा कागद बघितला.

"बीएस्सी फिजिक्स. म्हणजे सफरचंद खाली का पडतं ते तुला माहितेय."

"हो सर."

"विसर. पडलेलं सफरचंद हातगाडीवर विकतात. आपण उडणारं विकतो."

तेव्हापासून मी त्यांची 'ए बीएस्सी'. त्यांना ते चिडवणं वाटायचं. मला ती माझी पदवी वाटायची, त्यामुळे मी लगेच ओ द्यायचे. त्याचा त्यांना फार राग यायचा.

शोरूमच्या मागे नाल्याच्या कडेने एक सरळ रस्ता होता. एका टोकाला बंद पडलेली कंपनी, दुसऱ्या टोकाला रहिवाशांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेला स्पीडब्रेकर. या दोन्हींच्या मध्ये तीन सेकंद मावायचे. चौथा मावत नव्हता. सरांचा सगळा धंदा त्या रस्त्यावर चालायचा.

"गाडी विकायची नसते गं," ते मला शिकवायचे. "गिऱ्हाइकाची मान मागे टाकायची असते. मान मागे गेली की हात आपोआप खिशात जातो."

मान मागे टाकायची त्यांची पद्धत अशी. गिऱ्हाइकाला शेजारच्या सीटवर बसवायचं. समोर डॅशबोर्डवर कागदाच्या वाटीत एक पेढा ठेवायचा. म्हणायचं, "मी सांगितलं की हा उचलून दाखवा." मग पेडल दाबायचं. गाडी आवाज न करता अशी सुटायची की माणूस सीटला चिकटायचा आणि हात पुढे यायचाच नाही. स्पीडब्रेकरच्या आधी करकचून ब्रेक. गिऱ्हाईक पांढरंफटक, पेढा त्याच्या मांडीवर. मग सर तो पेढा स्वतः त्याच्या तोंडात घालायचे आणि म्हणायचे, "अभिनंदन." गाडी अजून घ्यायची असायची, अभिनंदन आधीच.

एकदा मुलुंडहून एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि आजी. खरा पैसा आजींचा आहे हे सरांनी बांगड्यांवरून ओळखलं आणि पुढच्या सीटवर आजींना बसवलं. मी मागे, सुनेशेजारी.

"आजी, मी सांगितलं की पेढा उचलायचा."

आजींनी उचलला आणि खाल्ला.

"अहो आजी, आत्ता नाही! गाडी पळाली की!"

"पळाल्यावर कशाला? आत्ता समोर आहे ना."

सरांनी हसून दुसरा ठेवला. आजींनी तोही खाल्ला. "छान आहे हो," म्हणाल्या, "कुठला?" शेवटी पेढ्याशिवायच पेडल दाबलं. आजींचा चष्मा कपाळावर गेला. गाडी स्पीडब्रेकरपाशी थांबली. आजींनी चष्मा खाली ओढला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "झालं? मग हे सगळं पळून परत इथेच यायचं का?" उतरताना त्यांनी दार दोनतीनदा उघडून बघितलं. गुडघे दुखत होते, सीट फार खोल होती. गाडी त्यांनी घेतली नाही.

संध्याकाळपर्यंत सरांचा पारा चढलेला. "गुडघे! सहाशे घोडे उभे आहेत समोर, आणि बाई गुडघे दाखवते! असल्या लोकांमुळे देश मागे आहे."

माझ्या मते आजी त्या दिवशी त्या गाडीतली सगळ्यात शहाणी व्यक्ती होती. मी बीएस्सी धरून.

मागचा रस्ता एकदा खोदला गेला, तेव्हा सरांनी एका गिऱ्हाइकाला लिंक रोडवर नेलं. मीही होते. लिंक रोडवर संध्याकाळी काय असतं ते मी सांगायला नको. पुढे पाण्याचा टँकर, बाजूला बेस्टची बस, मध्ये आमचे सहाशे घोडे. टँकर हलला की आम्ही हलणार. गाडीला आवाज नाही, त्यामुळे ती चालू आहे की बंद हेही बाहेरून कळत नाही. सिग्नल सुटला आणि सर गिऱ्हाइकाला काहीतरी समजावत राहिले, तेवढ्यात शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "बंद पडली का शेठ? ढकलू?"

सरांचा चेहरा टायपेक्षा लाल झाला. पुढे जरा मोकळी जागा दिसली तशी त्यांनी पेडल दाबलं. आमच्या माना मागे, गिऱ्हाईक "अरे अरे अरे", आणि लगेच टँकरच्या पाठीत शिरता शिरता ब्रेक. पुढच्या सिग्नलला रिक्षावाला आपल्या चालीने आला आणि बरोबर आमच्या शेजारी थांबला. नुसतं सरांकडे बघून मान डोलावली, एखादं पोर धावत जाऊन परत आलं की आपण डोलावतो तशी. मागे बसलेल्या मला हसू आवरेना, म्हणून मी खोकले. सर आरशातून म्हणाले, "बीएस्सी, खोकला झालाय तर उद्या सुट्टी घे. बिनपगारी."

वजनावरून आमचं वाजलं ते सोमवारच्या मीटिंगमध्ये. मी म्हणाले, "सर, लोकांना वजनही सांगू या. ही गाडी अडीच टनांच्या आसपास जाते. बॅटरीच एवढी जड आहे. आत माणसं बसणार चार, आणि हे सहाशे घोडे मुख्यतः त्या बॅटरीलाच फिरवून आणणार. टायर लवकर झिजतात, लोक मग आम्हाला विचारतात."

"लग्न ठरवताना मुलीचं वजन सांगतात का?"

"विचारतात सर. आम्हालाच विचारतात."

सगळे हसले. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीशेजारच्या माहितीच्या पाटीवर वजनाची जी ओळ होती, बरोबर तिच्यावर 'शुभ दीपावली'चा गोल स्टिकर चिकटलेला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा आला तरी आमच्या शोरूममध्ये दीपावली शुभच होती.

घरी मी बाबांना सांगितलं होतं, आमच्याकडे सहाशे घोड्यांची गाडी आलीय. बोटीचं इंजिनही घोड्यांतच मोजतात, त्यामुळे बाबांना घोडे कळतात. ते जाळं शिवत बसले होते.

"सहाशे? वढते काय ती?"

"चार माणसं."

बाबा परत जाळं शिवायला लागले. मी परत सांगायला गेले नाही.

ही सहाशेवाली गाडी लाल होती. दसऱ्याच्या आधी आली, काचेसमोर फिरत्या चबुतऱ्यावर चढली, आणि तिथेच फिरत राहिली. लहान गाड्या विकल्या जायच्या. लाल गाडीसमोर लोक फोटो काढायचे आणि बाजूची पांढरी बुक करायचे. सर रोज सकाळी आल्या आल्या आपल्या रुमालाने तिचं बॉनेट पुसायचे. सफाईवाल्या मावशींना हात लावू द्यायचे नाहीत. रुमाल मात्र स्वच्छ असायचा, एवढं त्यांच्या बाजूने सांगते.

थंडी संपता संपता शेठ आले. आमचे मालक. त्यांनी चबुतऱ्यावरची गाडी पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सावंत, पाडव्यापर्यंत हा घोडा इथून गेला पाहिजे. नाहीतर तुम्ही भिवंडीच्या गोडाऊनला बसा. तुमच्या केबिनमध्ये दुसरा माणूस बसेल."

आता ती केबिन काय होती ते सांगते. काचेच्या तीन भिंती, आत एक टेबल, दारावर सरांचं नाव. बाहेरून आत काय चाललंय ते सगळं दिसायचं, आणि सरांना तेच हवं होतं. शेठ गेल्यावर मी बुकिंगचे कागद घेऊन आत गेले, तेव्हा ते काचेतून बाहेर बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा घोडे सोडून बोलले.

"माझे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर पवईला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. साहेब लोकांच्या गाडीला सलाम मारायचे. मी डबा घेऊन जायचो ना, तेव्हा मला म्हणायचे, बाजूला हो, गाडी येतेय." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "मी काचेच्या आत बसतो, बीएस्सी. आता मी गोडाऊनला जाणार नाही."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटायला लागलंही होतं. पण तेवढ्यात आमच्या गेटवरच्या वॉचमनने एका बड्या गिऱ्हाइकाची गाडी जरा उन्हात लावू दिली, तर सरांनी बाहेर जाऊन त्याला त्याच्या बापावरून शिवी घातली. माझं वाईट वाटायचं तिथेच राहून गेलं.

पाडवा जवळ आला आणि सरांनी लाल गाडी विकली. कुणाला? त्यांच्याच बिल्डिंगमधल्या डॉक्टर देवधरांना.

सरांची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता. टॉवर एक, पण विंग दोन. पुढची विंग विकत घेणाऱ्यांची. तिचं नाव 'लेक व्ह्यू', तलाव मात्र तीन इमारतींच्या पाठीमागे. मागची विंग जुन्या भाडेकरूंची, तिला नाव नाही. गेटही दोन. पुढचं कमानीचं, मागचं लोखंडी. देवधर पुढच्या विंगमध्ये वरच्या मजल्यावर. दातांचे दवाखाने ठिकठिकाणी, बोलणं अगदी हळू. दोन्ही विंगच्या गाड्यांसाठी मिळून एक पार्किंगची लिफ्ट. गाडी लोखंडी फळीवर उभी करायची, बटण दाबलं की फळी गाडीला उचलून वरच्या कप्प्यात ठेवते. बिल्डरशी बोलून ही लिफ्ट घेतली ती सावंत सरांनी. सोसायटीच्या कमिटीवर मागच्या विंगचे तेच होते.

टेस्ट ड्राइव्हला डॉक्टरांनी पेढा मांडीवरून उचलून खाल्ला आणि एकच प्रश्न विचारला. "आपल्या पार्किंगला काही अडचण?"

"डॉक्टर, ती लिफ्ट मी स्वतः बसवून घेतलीय. दसऱ्याला माझ्या हाताने नारळ फोडलाय."

हे उत्तर झालं का? पण डॉक्टर हो म्हणाले. सर त्या दिवशी केबिनमध्ये उभ्या उभ्या चहा प्यायले. बसून दिसणार नाही म्हणून.

पाडव्याला बाकी सगळ्या गाड्यांची पूजा शोरूममध्येच झाली. लाल गाडीची मात्र बिल्डिंगमध्ये करायची, असं सरांनी ठरवलं. दोन्ही विंगनी बघायला हवं ना. कागदांसाठी मलाही नेलं. कंपाउंडमध्ये गर्दी जमलेली. पुढच्या विंगच्या बायका रेशमी साड्यांत खाली, मागच्या विंगची माणसं गॅलरीत. भटजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ ठेवला, चाकांखाली लिंबं ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ओवाळलं. लिंबं चिरडली, टाळ्या पडल्या. सर हात वर करून पुढे चालत होते आणि गाडी त्यांच्या मागून, वरातीसारखी.

गाडी लिफ्टच्या फळीवर चढली. डॉक्टर उतरले. सरांनी स्वतः बटण दाबलं.

लिफ्टने 'ट्याँ' असा आवाज काढला आणि ती हलली नाही.

"नवी गाडी बघून लाजली," सर म्हणाले. लोक हसले. परत बटण. परत ट्याँ.

"आत कोणी आहे का?" सरांनी विचारलं. डॉक्टरीणबाई अजून आत बसल्या होत्या, त्या उतरल्या. ट्याँ. सरांनी मागची डिकी उघडून चार्जिंगची पिशवी काढली. ट्याँ. मग पायपुसण्या काढल्या. त्या माझ्या हातात दिल्या. ट्याँ. मग त्यांनी एकदा गाडीकडे नीट बघितलं, पुढे झाले, आणि बॉनेटवरचा नारळ उचलला.

अडीच टनांची गाडी हलकी करायला नारळ उचलणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वरच्या गॅलरीतून कोणीतरी मालवणीत ओरडलं, "काय रे सावंता, घोडे गोठ्यात जाऊक तयार नाय?" अख्खी मागची विंग खदखदून हसली.

बटणांच्या पेटीवर झेंडूचं तोरण होतं. दसऱ्याला सरांनी स्वतः बांधलेलं. वाळून काळं पडलेलं, पण पूजेचं म्हणून कोणी काढलं नव्हतं. डॉक्टरांनी ते दोन बोटांनी बाजूला केलं. मागे पत्र्याची पाटी होती. डॉक्टरांनी ती वाचली. मोठ्याने नाही, पण सगळे गप्प झाले होते.

"कमाल वजन दोन हजार किलो." मग वळून म्हणाले, "सावंत, गाडीचं वजन किती?"

"डॉक्टर, सहाशे हॉर्सपॉवर म्हणजे..."

"वजन विचारतोय मी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. हातात नारळ तसाच. "बीएस्सी, सांग गं."

"अडीच टनांच्या आसपास," मी म्हणाले. माझा आवाज मोठा आहे, कोळीवाड्यातला. वरपर्यंत गेला.

बाकीच्या गाड्या लहान, त्या लिफ्टवर बिनतक्रार चढायच्या. ही चढणार नाही, आज नाही, उद्या नाही. चार्जिंगचा पॉइंटही वरच्या कप्प्यातच काढलेला. म्हणजे गाडी कंपाउंडमध्ये, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी, आणि वीज वर.

शेठना सरांनी फोन करून सांगितलं, "किरकोळ अडचण आहे, मी मॅनेज करतो." मॅनेज कसं केलं ते मी तिसऱ्याच दिवशी पाहिलं. चार्जर सारखा बंद पडतो म्हणून मला पाठवलं होतं. सरांचं घर मागच्या विंगमध्ये पहिल्या मजल्यावर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाड वायर खाली सोडलेली, ती डब्यांवरून गाडीपर्यंत आलेली. सहाशे घोडे फ्रिजशेजारच्या प्लगवर चरत होते. रात्रभर चरून सकाळी जेमतेम अंधेरीला जाऊन येण्याइतके. वहिनींनी मिक्सर लावला की मेन स्विच पडायचा.

मी वर गेले तेव्हा वहिनी पाट्यावर खोबरं वाटत होत्या. मिक्सर कोपऱ्यात उलटा घालून ठेवलेला.

"बघ गो," त्या मला म्हणाल्या. "माज्या वाटपाक लाईट नाय, आणि हेंचे घोडे रातदीस वीज पितत."

सर दारात उभे होते. टाय घरातही. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," म्हणाले.

"दोन दिवस म्हणून मी आज तीन दिवस वाटतंय," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर ओरडले नाहीत, भांडले नाहीत. पण पुढच्या विंगने लटकणाऱ्या वायरवर हरकत घेतली, बॉनेटवर कावळ्यांनी आपलं स्वस्तिक काढलं, आणि एका सकाळी डॉक्टर शोरूममध्ये येऊन शेठच्या समोर बसले. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "मी पार्किंगचं विचारलं होतं. मला नारळाचं उत्तर मिळालं. गाडी परत न्या." केबिनचं दार उघडं होतं, बाहेरून आम्ही सगळं बघत-ऐकत होतो. सर बाहेर उभे होते, आत शेठ सरांच्या खुर्चीत. संध्याकाळी दारावरचं नाव निघालं.

शेठनी सांगितलं, गाडी चालवत आणायची नाही. जेवढी जास्त चालेल तेवढी किंमत पडेल. ट्रकवर घालून थेट भिवंडीला न्या, आणि सावंत, तुम्हीही सोबत जा. कागदांसाठी पुन्हा मी.

मी पोचले तेव्हा सर गाडीपाशी उभे होते. ट्रकवाल्याला फोन लावला. सवयीने स्पीकरवर. "हॅलो," म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हॅलो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"गाडी न्यायची होती. कांजूरहून. लक्झरी गाडी आहे, सहाशे हॉर्सपॉवर, जरा सांभाळून..."

"घोडे राहू द्या साहेब," पलीकडचा म्हणाला. "वजन बोला. वजनावर ट्रक पाठवतो."

सरांनी वर बघितलं. वर गॅलरीत दोघंतिघं उभे होते. वहिनी खिडकीत होत्या, वायर गोळा करत.

"साहेब, वजन?"

"दोन हजार चारशे पंच्याऐंशी."

"काय? जोरात बोला, ट्रॅफिक आहे इकडे."

"दोन हजार चारशे पंच्याऐंशी किलो!"

कागद माझ्या हातात होता. मी बघितलं. किलोसकट बरोबर. स्टिकर लावणाऱ्या माणसाला तिसरा आकडा तोंडपाठ होता. मी आसपास म्हणाले होते, त्यांना आसपासचीही गरज नव्हती. पाडव्याच्या दिवशी, त्या गर्दीत, नारळ हातात धरून त्यांनी मला सांगायला लावलं, तेव्हाही तो आकडा त्यांच्या जिभेवर असणार. मला त्या क्षणी त्यांची जेवढी चीड आली तेवढी आधी कधी आली नव्हती. न कळणाऱ्याला मी माफ करते. कळून स्टिकर लावणाऱ्याला काय करायचं?

ट्रक आला. जुना, डिझेलचा, पुढचा एक दिवा फुटलेला. मागच्या हौद्यात बसवलेल्या चरखीची साखळी लाल गाडीला अडकवली. ती चरखी कुरकुरत, थांबत थांबत गाडीला वर ओढत गेली. ओढणारी ही चरखी बाबांना दाखवायला हवी होती. गाडी वर गेल्यावर सरांनी खिशातून रुमाल काढला आणि टाचा उंचावून बॉनेटवरची कावळ्यांची घाण पुसली. कुंकवाचं स्वस्तिकही थोडं पुसलं गेलं. मग ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले. हेल्मेटची ती चकचकीत पिशवी मांडीवर. आतमध्ये काय होतं कोण जाणे, स्कूटर तर बिल्डिंगमध्येच उभी होती.

पुढच्या कमानीतून एवढा उंच ट्रक जाईना, म्हणून मागच्या लोखंडी गेटकडे वळवला. तिथल्या वॉचमनने हात आडवा केला. सोसायटीचा नियम आहे, बाहेर जाणाऱ्या ट्रकला विचारायचं.

"काय चाललंय बाहेर?"

ड्रायव्हरने सरांकडे बघितलं. वॉचमननेही बघितलं. त्याने सलाम वगैरे केला नाही, नुसता उत्तराची वाट बघत उभा राहिला. सरांनी टाय सरळ केला.

"सामान," म्हणाले. "जाऊ दे."

वॉचमनने गेट उघडलं. ट्रकने धूर सोडला, दोनदा आचके दिले आणि मागचं चाक उंबऱ्यावरून उतरवत तो हळूहळू बाहेर पडला. तीन सेकंदांहून बराच वेळ लागला.